फेरीबोटीच्या देखाव्यातला वर-खाली होणारा रॅम्प: एका घरगुती गणपतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यातलं एक घर. गणपती गावाकडच्या घरी बसतो आणि गौरींबरोबर जातो. घरातली माणसं डोंबिवली, पुणे, चिपळूण अशी पांगलेली, पण आरास सगळ्यांची मिळून. आधीच्या वर्षी गावाचं देऊळ केलं होतं. या वर्षी ठरलं, दाभोळ-धोपावेची फेरीबोट करायची. कारण घरगुती होतं. घरातले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांची हयात वेगवेगळ्या बोटींवर खलाशी म्हणून गेली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत आणि फारसे बाहेर पडत नाहीत.

ही बोट ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाशिष्ठीच्या मुखाशी एका काठाला दाभोळ, दुसऱ्या काठाला धोपावे. पाण्यातून पाहिलं तर समोरासमोर, पण गाडी घेऊन रस्त्याने जायचं तर चिपळूणला वळसा. २००३ पासून इथे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते. पुढे अशा बोटी वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ इथेही आल्या. आमच्याकडची जुनी माणसं हिला जंगलजेट्टी म्हणतात. बोटीची दोन्ही टोकं सारखीच, म्हणजे तिला वळावं लागत नाही. टोकाला लोखंडी रॅम्प. बोट धक्क्याच्या उतारावर येऊन टेकते, रॅम्प खाली पडतो, गाड्या उतरतात, दुसऱ्या चढतात, रॅम्प उचलला जातो. भरती असो की ओहोटी, धक्का उतरता असल्यामुळे बोट त्या उतारावर थोडी वर किंवा थोडी खाली लागते इतकंच.

काम करणारे आम्ही तिघे. एक काका, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांचा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आणि मी, म्हणजे घरचा जावई. मला छोट्या प्रतिकृती करायचा जुना नाद आहे, म्हणून बोटीचं अंग, रंग आणि बारकावे माझ्याकडे आले. रॅम्प हलवणं पुतण्याकडे गेलं. काका सुरुवातीला फक्त धक्का करणार होते.

प्रमाण १:६४ धरलं. त्याला कारण बाजारातल्या खेळण्यातल्या गाड्या. पुड्यावर चौसष्टाला एक असं छापलेलं असतं म्हणून आम्ही निर्धास्त होतो. प्रत्यक्षात छोटी मोटार आणि ट्रक दोन्ही त्याच तीन इंचांत बसवलेले असतात, त्यामुळे मोटार भलती मोठी आणि ट्रक बुटका दिसतो. शेवटी दोनच मोटारी विकतच्या ठेवल्या आणि एसटीची लाल गाडी मी प्लॅस्टिक शीटची केली, साडेसोळा सेंटिमीटर लांब. बोट साधारण ५५ सेंटिमीटरची झाली. रॅम्प ७८ मिलिमीटर लांब आणि ७० रुंद, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. या तळहाताएवढ्या फळीने आमचा अख्खा श्रावण खाल्ला.

नेमका प्रश्न

मागणी ऐकायला सोपी होती. रॅम्प हळूहळू खाली यावा, थोडा वेळ धक्क्यावर टेकून राहावा, मग वर जावा, थोडा वेळ वर राहावा, आणि हे दिवसभर आपोआप चालावं. पण खऱ्या बोटीवर रॅम्प दोन बाजूंच्या तारदोरांनी उचलला जातो. डेकवरच्या दोन खांबांवरून ते दोर जातात आणि रॅम्प वर येताना ताठ राहतात. अण्णांची नजर पहिली त्या दोरांवर जाणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणून पहिल्याच बैठकीत अट घातली की दोर खरे असतील आणि रॅम्प त्यांनीच उचलला जाईल.

बाकीच्या अटी जागेने घातल्या. सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या भजनापर्यंत धरलं तर बारा तास. २४ सेकंदांचं एक चक्र धरलं तर तासाला दीडशे आणि दिवसाला १,८०० वेळा रॅम्प वर-खाली. भाद्रपदात कोकणातली हवा ओलीचिंब. लाईट दिवसातून चार-पाच वेळा जाणार, हे गृहीतच. बोट डोंबिवलीत बनणार आणि मुंबई-गोवा महामार्गावरून गावी जाणार. तो रस्ता कसा आहे, हे इथे वेगळं लिहायची गरज नाही.

आणखी एक मागणी होती, रॅम्प टेकला की एसटी उतरावी. ती आम्ही दुसऱ्या आठवड्यात सोडून दिली. मुलं हिरमुसली. पण रॅम्पच हलत नसताना एसटीचा विचार करण्यात अर्थ नव्हता, आणि हा निर्णय लवकर घेतला हे चांगलंच झालं.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय सर्व्हो मोटरचा. एसजी-९० नावाची निळी, नऊ ग्रॅमची मोटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती आडवी केली की डेकखाली मावते. तिची दांडी रॅम्पच्या बिजागरीला जोडायची आणि आर्डुइनोवरून, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवरून, कोन सांगायचा. एका संध्याकाळी पुतण्याने ते करून दाखवलं आणि रॅम्प हललासुद्धा. पण वर गेल्यावर थरथरत राहायचा, मोटर गुरगुरायची, आणि लॅपटॉपच्या यूएसबीवरून वीज घेतली की मोटर सुरू होताना आर्डुइनोच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. वेगळा पुरवठा देऊन ते सुटलं असतं. मोठी अडचण दोरांची होती. रॅम्प आतून हलत असेल तर दोर नुसते शोभेचे राहतात आणि रॅम्प वर आला की लोंबतात. शिवाय आतले प्लॅस्टिकचे दाते रोज १,८०० फेऱ्या काढतील, याची खात्री वाटेना.

या पर्यायाला आम्ही फार लवकर नाही म्हटलं, असं मला आज वाटतं. लवचीक काळा दोरा वापरून दोर ताठ दाखवता आले असते. ज्याच्याकडे आठच दिवस आहेत, त्याने हाच मार्ग धरावा.

दुसरा पर्याय विंचचा, खऱ्या बोटीसारखा. एन-२० ही बोटाच्या पेराएवढी गिअर मोटर घ्यायची, तिच्यावर १२ मिलिमीटरची रीळ बसवायची आणि रिळावर दोर गुंडाळायचा. वर आणि खाली एकेक लिमिट स्विच, म्हणजे रॅम्प टोकाला पोचून तो दाबला गेला की मोटर थांबते. कागदावर हे सगळ्यांत देखणं होतं आणि पुतण्याचा जीव त्यातच अडकला होता.

तिसरा पर्याय त्याचाच भाऊ. साध्या मोटरीऐवजी पाच व्होल्टची लहान स्टेपर मोटर, म्हणजे किती फेरे झाले हे प्रोग्रामला ठाऊक राहतं. पण लाईट गेली की ते ठाऊक असलेलं पुसलं जातं. म्हणून सुरू होताना आधी रॅम्प पूर्ण वर नेऊन स्विचला टेकवायचा आणि तिथून मोजायला लागायचं.

चौथा पर्याय काकांनी शेवटी मांडला, तोवर कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. लाकडाचा कॅम, म्हणजे कड कमी-जास्त त्रिज्येची असलेली चकती. मोटर एकाच दिशेने फिरत राहील, कॅमच्या चढ-उतारावर एक तरफ बसेल, आणि तरफेचं दुसरं टोक दोर ओढेल आणि सोडेल. गल्लीतल्या मंडळांच्या देखाव्यात राक्षसाचा हात वर-खाली होतो तो याच पद्धतीने. हे ऐकल्यावर पुतण्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. त्याला ते जुनाट वाटलं आणि थोडं मलाही.

विंचने काय शिकवलं

आम्ही विंच निवडली. तीन आठवडे तिच्यावर घालवले. ते तीन आठवडे तपशिलात सांगतो, कारण या प्रकरणाचं मर्म तिथे आहे.

रॅम्प दीड मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचा होता. आडव्या पट्ट्या, कडेच्या पट्ट्या, बिजागरी धरून वजन १० ग्रॅम. वर जायला त्याला काहीच अडचण नव्हती. मोटरने ओढलं की भुर्रकन वर. अडचण खाली येताना. मोटर दोर सोडायची, पण रॅम्प जागचा हलायचा नाही. दोर सैल पडायचा, रिळावरून निसटून मोटरच्या दांड्याभोवती गुंता व्हायचा. मध्येच रॅम्पला जाग आल्यासारखी व्हायची आणि तो एकदम आपटायचा.

त्याहून गमतीचा प्रकार दुसरा. खालचा स्विच एखाद्या वेळी दाबला जायचा नाही. मग मोटर सोडतच राहायची, दोर संपायचा आणि रीळ तशीच फिरत राहिल्याने तो उलट्या बाजूने गुंडाळायला लागायचा. म्हणजे मोटरच्या हिशेबाने रॅम्प खाली चालला आहे आणि डोळ्यांसमोर तो वर येतो आहे. प्रोग्राम मग वरच्या स्विचवर गोंधळून थांबायचा. पुतण्याने प्रोग्राम चार वेळा बदलला. स्विचची जागा तीनदा बदलली. स्टेपर लावून पाहिली, तरी तेच.

प्रत्येक रविवारी आम्ही मोटर बदलायचो. दोष मोटरीत नव्हता.

नारळी पौर्णिमेला काका घरी आले होते. त्यांनी रॅम्प हातात घेतला, वजन अजमावलं आणि म्हणाले, "अरे, दोरी ओढते. ढकलत नाही. तुझ्या बोटीवर रॅम्प वर कोण नेतं ते दिसतंय मला. खाली कोण आणतं?"

खाली आणणारं एकच, रॅम्पचं स्वतःचं वजन. खऱ्या बोटीवर ते टनांत असतं. तिथे हा प्रश्न कुणाच्या मनातही येत नाही, उलट रॅम्प सावरून कसा सोडायचा हीच काळजी. प्रतिकृतीत मात्र लांबी चौसष्ट पटीने कमी झाली की घनफळ, आणि त्याबरोबर वजन, चौसष्ट गुणिले चौसष्ट गुणिले चौसष्ट इतक्या पटीने घटतं. दोर खोबणीत घासतो ते मात्र त्या प्रमाणात घटत नाही.

त्या रात्री आकडेमोड केली. रॅम्पचा भार मध्यावर धरला, तर बिजागरीपासून ३.९ सेंटिमीटर. फळी आडवी असताना बिजागरीभोवतीचा जोर ३९ ग्रॅम-सेंटिमीटर. धक्क्यावर उतरलेल्या स्थितीत दोरांत मिळून साडेआठ ग्रॅमचा ताण येतो. वर ७२ अंशांवर असताना? जेमतेम दोन ग्रॅम. दोन दोरांना मिळून दोन ग्रॅम! दोर ज्यातून जात होता ती आमची पितळी नळी आणि तिच्या तोंडावरचं वळण एवढं घर्षण सहज करत होतं. आणि आम्ही तर रॅम्प पूर्ण ९० अंशांवर नेत होतो. तिथे वजनाचा खाली ओढणारा जोर शून्य. ताठ उभा राहिलेला रॅम्प खाली का येत नाही म्हणून आम्ही तीन आठवडे मोटरीला बोल लावत होतो.

केलेली कामं

चतुर्थीला अडीच आठवडे उरले होते. त्या रात्री तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, रॅम्प ७२ अंशांच्या वर न्यायचा नाही. बाजूने पाहिलं तर थोडा झुकलेला दिसतो, पण समोरून कळतही नाही.

दुसरी, रॅम्प जड करायचा. पितळी पत्र्याचा करावा असा माझा आग्रह होता. ०.८ मिलिमीटर पत्र्याची फळी ३७ ग्रॅम भरते. एक करून पाहिली, पण कडेच्या पट्ट्या डाग देताना पत्रा असा वाकला की पापड बरा. मग काकांनी मासेमारीच्या दुकानातून गळाला लावायची शिशाची वजनं आणली. ती हातोडीने चपटी केली आणि प्लॅस्टिकच्याच रॅम्पच्या पाठीला, टोकाजवळ, चिकटवली. वजन बिजागरीपासून जितकं लांब तितकं जास्त काम करतं. सात सेंटिमीटरवरचं २० ग्रॅम शिसं अख्ख्या पितळी फळीइतका जोर देतं. वर असतानाचा ताण दोन ग्रॅमवरून सुमारे नवावर गेला. खऱ्या रॅम्पच्या पाठीला लोखंडी बरगड्या असतात, त्यांच्यामधल्या खाचांत शिसं लपलं. वरून गंजाचा रंग दिला. माझ्या दृष्टीने अख्ख्या बोटीवरचा तोच भाग सर्वांत खरा दिसतो. शिशाला हात लावल्यावर हात धुवायचे आणि मुलांना त्या टेबलाजवळ येऊ द्यायचं नाही, एवढं पथ्य मात्र काकांनी सक्तीने पाळायला लावलं.

तिसरी गोष्ट मोटरीची. शिसं लावल्यावर विंचही नीट चालायला लागली असती, पुतण्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याने एक तास चालवून दाखवलीदेखील. तरीही आम्ही कॅम घेतला, आणि त्यामागे लाईट होती. कॅमला काही आठवावं लागत नाही. रॅम्प अर्धा उतरलेला असताना वीज गेली तर तो तिथेच थांबतो आणि आली की तिथूनच पुढे जातो. ना स्विच, ना प्रोग्राम. गावी आम्ही तिघेही कायम बोटीजवळ असणार नव्हतो. कुणी आरतीला, कुणी शेजारी, कुणी मोदकांच्या रांगेत. पुतण्याला हे पटवायला वेळ लागला. काकांनी त्याला एकच विचारलं, "तू झोपलेला असताना हे बिघडलं तर तुझी आजी नीट करू शकेल का?" तो गप्प झाला.

कॅम आठ मिलिमीटर प्लायचा कापला. कमीत कमी त्रिज्या ३५ आणि जास्तीत जास्त ५५ मिलिमीटर, म्हणजे चढ २० मिलिमीटरचा. आम्हाला दोर सुमारे ८० मिलिमीटर ओढायचा होता, म्हणून एकास चार अशी तरफ. आखूड बाजूला ६०८ नंबरचं बेअरिंग, ते कॅमवर लोळतं. लांब टोकाला दोर. तरफेच्या आखूड बाजूला जुन्या नटांचा झुबका बांधला, अंदाजे सव्वाशे ग्रॅमचा, म्हणजे तरफ आपल्याच वजनाने कॅमवर बसून राहते. तिला रॅम्पने ओढावं लागत नाही. आधी हे लक्षात आलं नव्हतं. लांब बाजूचं वजन रॅम्पला वरच धरून ठेवत होतं आणि आम्ही पुन्हा डोक्याला हात लावून बसलो होतो.

मोटर मायक्रोवेव्हच्या तबकडीखाली असते त्या जातीची, २३० व्होल्टची सिंक्रोनस, मिनिटाला अडीच फेरे. म्हणजे एक फेरा २४ सेकंदांत: पाच सेकंद उतरणं, आठ टेकून राहणं, पाच चढणं, सहा वर थांबणं. हिचा वेग विजेच्या दाबावर नाही, वारंवारितेवर अवलंबून असतो. गावाकडे संध्याकाळी दिवे मंदावतात तेव्हाही रॅम्पची चाल बदलली नाही, ते यामुळे.

दोन दोर सारखे ताणले नाहीत तर रॅम्प तिरका होतो, दोन मिलिमीटरचा फरकही डोळ्याला खुपतो. गाठी मारून हे जमत नाही. तरफेच्या टोकाला दोन लहान स्क्रू आडवे बसवले आणि एकेक दोर त्यांच्याभोवती गिटारच्या खुंटीसारखा गुंडाळला. पिळलं की ताण बदलतो. हे पुतण्याला सुचलं. बोट आणि खालची यंत्रणा वेगवेगळी ठेवली, दोर मध्ये एका आकड्याने जोडले. प्रवासात रॅम्प टाचणीने अडकवला. धक्का पुठ्ठ्याचा आणि बांबूच्या कामट्यांचा. २०१८ ची बंदी आल्यापासून आमच्याकडे आराशीत थर्मोकोल बंद आहे. सुरुवातीला अडचण वाटली होती. आता पुठ्ठाच बरा वाटतो, त्याला काँक्रीटसारखा रंग छान बसतो.

गावी काय झालं

पहिल्याच संध्याकाळी गंमत. पुतण्याच्या समाधानासाठी आम्ही कॅमच्या दांड्यावर एक छोटा स्विच ठेवला होता. रॅम्प उचलायच्या आधी दोन सेकंद भोंगा वाजावा म्हणून. ही मोटर सुरू होताना कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे. तिला दिशा नसते. आमचा कॅम दोन्ही दिशांनी चालत होता म्हणून डोंबिवलीत कुणाच्या लक्षात आलं नाही. गावी लाईट गेली, आली, आणि भोंगा रॅम्प खाली टेकल्या टेकल्या वाजायला लागला. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "हा कुठचा तांडेल? बोट लागल्या लागल्या निघायचा भोंगा देतो?"

उपाय काकांना ठाऊक होता. ही मोटर अडली की जळत नाही, उलट दिशेने निघते. म्हणून दांड्यावर एक खिळा आणि त्याच्या वाटेत जुन्या गजराच्या घड्याळाच्या स्प्रिंगचा तुकडा. बरोबर दिशेने खिळा आला की स्प्रिंग वाकून वाट देते. चुकीच्या दिशेने आला की अडवते, आणि मोटर आपणहून परत फिरते. दहा मिनिटांचं काम. एकाच दिशेने फिरणारी वेगळी मोटर बाजारात मिळते, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरा बिघाड झाला. डावा दोर तुटला आणि रॅम्प एका दोरावर तिरपा लटकला. आम्ही तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, वापरला होता, अगदी बारीक. दोर पितळी नळीच्या तोंडावरून वळत होता आणि तिथली कापलेली धार तशीच राहिली होती. दीड दिवसात अडीच हजारांच्या वर घासण्या झाल्या, आणखी काय होणार. माझं काम होतं ते, मीच नळीचं तोंड घासून गोल करायला विसरलो होतो. संकटातही घरचंच कामी आलं. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा अर्धा सेंटिमीटर तुकडा कापून नळीच्या तोंडात घुसवला, कडा बाहेर थोडी तापवून पसरवली. प्लॅस्टिकवरून दोर घसरतो, कापला जात नाही. दोरही बदलला. गावातल्या एका मच्छीमाराकडून विणलेल्या जातीची बारीक दोरी आणली. तंगूस रिळावरचा वळसा लक्षात ठेवतो, ही ठेवत नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं, ती तुटायची वाट पाहिली नाही.

मग गौरी गेल्या तोवर रॅम्प थांबला नाही. पावसाळी हवेने प्लायचा कॅम एका बाजूला किंचित फुगला, बेअरिंग त्यावरून जाताना टक असा आवाज यायचा. मेण घासलं, आवाज कमी झाला. लाईट रोज गेली. एकदा कुणीतरी मोटर घरच्या इन्व्हर्टरवर जोडून पाहिली. जुना इन्व्हर्टर, वीज काही शुद्ध नाही. मोटर भुंग्यासारखी गुणगुणायला लागली आणि हाताला गरम लागली, तेव्हा काढून टाकली.

वेगळं काय करता आलं असतं

मोटरीपासून सुरुवात केली, ही मूळ चूक. कागदावर रॅम्प काढून, वजन आणि कोन मांडून, "खाली कोण आणतं" हा प्रश्न पहिल्या रविवारी विचारला असता तर तीन आठवडे वाचले असते. ती आकडेमोड आठवी-नववीच्या पलीकडची नाही. ती येत असून कुणीही केली नाही, कारण मोटर हलताना बघायची घाई होती.

काकांना पहिल्या बैठकीत बोलावलं नाही, ही दुसरी. त्यांच्याकडे धक्का सोपवून आम्ही मोकळे झालो. तेही काही बोलले नाहीत. पुढे मी विचारलं तर म्हणाले, "पोराला वाईट वाटलं असतं." पोराला शेवटी जास्तच वाईट वाटलं, कारण तीन आठवड्यांचा प्रोग्राम कपाटात गेला.

२३० व्होल्ट मला आजही पटलेले नाहीत. मोटर बंद डब्यात होती, फ्यूज होता, तरी वर ओली फुलं, शेजारी समया, खाली रांगणारं मूल. हाच कॅम १२ व्होल्टच्या गिअर मोटरवर तितकाच चालला असता. दिशेचा घोळही झाला नसता आणि बॅटरीवर लाईट गेल्यावरही रॅम्प फिरला असता. काकांच्या हाताशी ती मोटर होती म्हणून ती लागली. घाईत असे निर्णय होतात.

आणि चाचणी. आम्ही डोंबिवलीत सलग एक तास चालवून समाधान मानलं, म्हणजे दीडशे चक्रं. दोर तुटायला त्याच्या पंधरा-वीस पट लागली. दोन रात्री नुसतं चालू ठेवून झोपलो असतो तरी नळीची धार घरीच सापडली असती.

आर्डुइनो मात्र पूर्ण फुकट गेला असं मी म्हणणार नाही. भोंगा, डेकवरचे दिवे, केबिनमधला हिरवा-लाल दिवा हे सगळं त्यावरच होतं आणि ते बिघडलं असतं तरी रॅम्प चालत राहिला असता.

अण्णांचं म्हणणं

चौथ्या दिवशी संध्याकाळी अण्णा बोटीसमोर बराच वेळ बसले. दोर पाहिले, खांब पाहिले, एसटीचा नंबर वाचला. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण रॅम्प असा लाजत उतरत नाही रे. शेवटी हात-दीड हात राहिला की सोडून देतात. धाडकन पडतो. जेट्टीवरच्या माणसाला कळतं, बोट लागली."

रात्री जेवणं झाल्यावर पुतण्याने कॅम उतरवला. उताराच्या शेवटी कानशीने तीन मिलिमीटर लाकूड उडवलं, म्हणजे शेवटचे काही अंश बेअरिंग एकदम खाली घसरेल. पुन्हा बसवून चालू केला. रॅम्प सावकाश आला, क्षणभर थबकला आणि पडला. पण पुठ्ठ्यावर त्याचा आवाजच होईना, आणि सकाळपर्यंत पुठ्ठ्याला चरा पडला असता तो वेगळाच. त्याने बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाचा पत्रा कापला, धक्क्याच्या टोकाला चिकटवला, वर राखाडी रंग फासला. रंग वाळायला पहाट झाली. सकाळी आरतीआधी मोटर लावली तेव्हा अण्णा आतल्या खोलीत होते. पत्र्यावर रॅम्प पडल्याचा आवाज ऐकून त्यांनी आतूनच विचारलं, "कुठली लागली, धोपावेची?"